औंढ्याच्या देवाचं नाव

आमच्या घरात तुळशीला तुळस म्हणत नसत. वडिलांचे नाव तुळशीराम होते. त्यामुळे आईच्या तोंडी ते झाड ‘अंगणातली माय’ होते आणि तिचे ऐकून आम्हा भावंडांच्याही. पहिलीत असताना गुरुजींनी चित्रातल्या झाडाचे नाव विचारले आणि मी ‘अंगणातली माय’ म्हणालो. वर्ग हसला. घरी येऊन सांगितल्यावर आईसुद्धा हसली, पण खरा शब्द तिने मला शिकवला नाही. तो संध्याकाळी वडिलांनी शिकवला. वडिलांना बोलवायचे असले की आई माझ्या नावाने हाक मारी. ‘गोविंदा’ या एकाच हाकेचे दोन सूर होते. चढत्या सुराला मी ओ देत असे, उतरत्या सुराला वडील उठत. पाहुणे चकित होत; आमच्यात कधी घोटाळा झाला नाही. बायकोने नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य तुटते, असे आमच्याकडच्या साऱ्या बायका मानीत. आई ते बोलून दाखवीत नसे, फक्त पाळीत असे. हे सर्व मी आधीच लिहून ठेवतो. पुढे जे घडले ते मला ही रीत ठाऊक नव्हती म्हणून घडले, असे कोणी समजू नये.

घर तीन खणांचे होते, वर पत्रे. उन्हाळ्यात दुपारी पत्रे तडतडत आणि आई दारात ओले पोते टांगी. पहाटे पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की आमचा दिवस सुरू होई. सकाळी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला, दुपारी ज्वारीची भाकर आणि येसराची आमटी, श्रावणात अंबाडीची भाजी. यापलीकडे फारसे काही नसे आणि असावे असे कोणाला वाटतही नसे. वडील शाळेत कारकून होते. अक्षर मोत्यासारखे, बोलणे मोजके. जेवताना ते बोलत नसत, आणि बोलले तर कामाचेच बोलत. त्यांनी मला आयुष्यात एकच गोष्ट बसवून शिकवली, ती म्हणजे छापील तक्ता भरणे. रकाना रिकामा दिसला की त्यांच्या कपाळावर आठी पडे. ‘जो रकाना सोडतो तो काम अर्धं टाकून उठतो,’ असे ते म्हणत. मी त्यांचा आज्ञाधारक मुलगा होतो. माझ्या हातून रकाना कधी रिकामा राहिला नाही.

एकोणिसाव्या वर्षी मला गावच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली. औंढ्याहून जवळा बाजारकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी आमचे एक गाव; नाव लिहीत नाही. दवाखाना अजून तिथे आहे आणि आज तिथे काम करणाऱ्यांचा यात काही संबंध नाही. खिडकीला गज होते आणि ती बाहेरून बुटकी होती. पुरुष वाकून बोलत, बायका वाकत नसत. त्यामुळे मला त्यांची तोंडे दिसत नसत. पदराचे टोक, हिरव्या बांगड्या आणि गजाला धरलेली बोटे एवढेच दिसे. आत माझ्या उजव्या हाताला लाकडी पेटी होती. तीत जुन्या रोग्यांची कार्डे गाववार लावलेली असत आणि गावात पुन्हा अक्षरवार. नाव ऐकायचे, कार्ड काढायचे, मागच्या दाराने डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे. त्या दारातून काचेच्या सिरिंजा उकळल्याचा खुळखुळाट दिवसभर येई. तो आवाज मला आवडत असे. इथे सर्व काही स्वच्छ आणि नेमके चालते, असा त्याचा अर्थ मी लावला होता.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब होते आणि सुमन सिस्टर होत्या. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, कामाला कडक आणि मनाने वाईट नव्हेत. आमच्या लोकांचे बोलणे त्यांना निम्मे कळे आणि उरलेले निम्मे ते अंदाजाने घेत. सिस्टर कळमनुरीच्या. अंगाने रोड, चाळिशी ओलांडलेल्या, आवाज जरा घोगरा. खिडकीशी कोणी बाई अडली की त्या सुई खाली ठेवून बाहेर येत आणि तिला रांगेतून काढून व्हरांड्यातल्या बाकावर बसवीत. आधी पाणी देत. मग शेजारी बसत. उभ्याने त्यांनी कोणा बाईला काही विचारलेले मी पाहिले नाही.

‘घरच्यांचं नाव काय, माय?’

बाई पदर तोंडाला लावून गप्प.

‘बरं. सासू काय म्हणून हाक मारती त्यांना?’

‘सासू मरून गेली, बाई.’

‘मंग नणंद?’

‘दादा म्हनती.’

बाकावरची दुसरी एखादी म्हातारी मध्ये पडे. ‘अगं, नाकातलं दाखव की त्यांना. म्हंजी कळंल.’

ती बाई नाकातल्या सोन्याच्या फुलीला बोट लावी. सिस्टर गंभीर चेहऱ्याने विचारीत, ‘चांदोजी का?’

‘अगं बया. चांदोजी काहून? चांदोजी आमच्या चुलत्याचं नाव.’

सारा बाक हसे. सिस्टर पुढे विचारीत, ‘मंग सोनाजी?’

‘न्हाई न्हाई. तेचा भाऊ.’

‘सोनबा?’

आता बाई काही बोलत नसे, फक्त मान खाली जाई. सिस्टर मला आतल्या बाजूला हाक देत, ‘सोनबा काढ रे, गोविंद.’

मी एकदा त्यांना विचारले, की सोने दाखवल्यावर चांदोजी कशाला विचारायचे. उगाच वेळ जातो. सिस्टर कापूस तोडीत होत्या. म्हणाल्या, ‘आपल्या बाया दवाखान्यात कशालाबी व्हय म्हणतात. खरं विचारलं तरी व्हय, खोटं विचारलं तरी व्हय. डॉक्टरसमोर न्हाई म्हणायचं त्यांना कोणी शिकवलं न्हाई. म्हणून आधी चुकीचं नाव विचारायचं. दुसरीचा नवरा कोणी गळ्यात घालून घेत न्हाई. तिथं बाई न्हाई म्हणतीच. एकदा न्हाई म्हणायला लागली, की मंग तिचं व्हय खरं.’

मी मान डोलावली. मला ते चतुर वाटले आणि बायकी वाटले. कारकुनाच्या कामाचा तो भाग आहे असे वाटले नाही.

आता त्या खिडकीवर संगणक आहे असे ऐकतो. बायका आधार कार्ड पुढे करतात, छापील नाव कोणीही वाचते. माझी नात नवऱ्याला नावाने हाक मारते आणि तो लगेच ओ देतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मात्र मी नकळत त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिले होते.

तो बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी आसपासच्या सर्व गावांचे लोक खरेदीबरोबर औषधही उरकून घेत, त्यामुळे रांग फाटकाबाहेर जाई. सिस्टर भावाच्या मुलीच्या लग्नासाठी कळमनुरीला गेल्या होत्या. डॉक्टर एकटे होते आणि दाराआडून दोनदा म्हणाले होते, ‘कार्डं भराभर येऊ द्या.’ मी भराभर देत होतो. त्या दिवशी माझे काम चांगले चालले आहे, असे समाधान मला वाटत होते, हे आठवते.

एक बाई आली. मनगटावर गोंदण, काचेच्या बांगड्यांत एक चांदीचे कडे. घोंगडीचा आणि मेंढरांचा वास. माळरानावरच्या धनगरांच्या वस्तीतली, हे कळायला विचारावे लागले नाही. तिचे नाव कोंडाबाई. ते मला नंतर कळले.

‘नाव?’

‘लिंबाखाली निजिवलंय त्यांना, दादा. पायात काटा मोडला व्हता, समदा पाय पिकून राहिला. तापानं डोळा उघडंना झालेत.’

‘नाव सांगा.’

‘मागं आलो व्हतो की आमी. कारड हाय आमचं हितं.’

‘कार्ड नावानं निघतं, बाई. नाव नसलं तर मी काय काढू?’

गजावरची बोटे हलली नाहीत. मागून एक पुरुष म्हणाला, ‘सांगून टाका ना बाई. हितं कोण तुमच्या सासरचं उभं हाय?’ दोघे-चौघे हसले. त्या रांगेत तिच्या वस्तीचे कोणी नव्हते. असते तर त्याने नाव सांगितले असते. मी टेबलावर टाक आपटला. खरे तर तिला बाकावर बसवून पुढच्या माणसाला घ्यायचे होते. बाक माझ्या खिडकीपासून चार पावलांवर होता.

‘बोला लवकर.’

ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘औंढ्याच्या देवाचं नाव हाय.’

‘नागनाथ?’

‘व्हय जी.’

मी वस्तीच्या कप्प्यातून ‘ना’ काढला. नागनाथ, वस्तीचे सर्वसाधारण आडनाव, वय चाळीस. मागच्या वर्षी पेनिसिलीनची इंजेक्शने घेतल्याची नोंद, काही तक्रार नाही. मी आजची तारीख घातली, एकही रकाना सोडला नाही आणि कार्ड डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. मी तिला विचारले होते औंढ्याच्या देवाचे नाव नागनाथ का, आणि तिने खरे उत्तर दिले होते. औंढ्याच्या देवाचे नाव नागनाथच आहे.

रांगेतल्या चार माणसांनी त्याला उचलून आत आणले. मधले दार उघडे होते, म्हणून मला सर्व ऐकू येत होते. डॉक्टरांनी पाय पाहिला, कार्ड पाहिले. म्हणाले, ‘मागच्या वर्षी हीच इंजेक्शनं दिली आहेत याला. तेव्हा काही त्रास झाला नव्हता ना?’

‘व्हय जी,’ ती म्हणाली.

त्या ‘व्हय’चा अर्थ मला आजही लावता येत नाही. त्रास झाला होता, असा असेल. झाला नव्हता, असा असेल. साहेब बोलत आहेत आणि मी ऐकते आहे, एवढाच असेल. डॉक्टरांनी त्यांना हवा तो घेतला. पूर्वी चाललेले औषध म्हणून चाचणीची सुई न देता त्यांनी पूर्ण इंजेक्शन दिले. मी तोवर पुढच्या माणसाचे नाव लिहीत होतो.

मग आत काहीतरी पडले. ताटली असावी. त्याच्या घशातून एक आवाज येऊ लागला. पाटात वाळू जावी आणि पाणी अडावे तसा. डॉक्टर कपाट उघडीत होते, बाटली फोडीत होते, दुसरे इंजेक्शन भरीत होते आणि एकीकडे तिला ओरडून सांगत होते, ‘त्याला जागं ठेवा. झोपू देऊ नका. हाक मारा त्याला.’

ती ‘अवं, अवं’ म्हणू लागली.

‘अशी नाही. नाव घेऊन हाक मारा. नाव घ्या, बाई, नाव घ्या.’

मी खुर्चीवरून उठून दारात गेलो होतो. तिने एकदा डॉक्टरांकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे. पहिल्यांदाच मी तिचे तोंड पाहिले. वय पंचविशीच्या पुढे नसेल. तिने नवऱ्याचे डोके दोन्ही हातांत धरले, तोंड त्याच्या कानाशी नेले आणि हाक मारली.

‘नागोराव.’

जो शब्द आपण कधी उच्चारलेला नसतो तो उच्चारताना आपला आवाज आपल्यालाच परका वाटतो. तिने स्वतःच दचकून मान मागे घेतली. मग पुन्हा म्हणाली, ‘ओ नागोराव.’ त्याने तिच्या दिशेने डोळे फिरवले. ते तसेच राहिले.

मी परत पेटीकडे गेलो. वस्तीचा कप्पा, ‘ना’. नागनाथच्या मागचेच कार्ड. नागोराव, तेच आडनाव, वय तीस. खाली सुमन सिस्टरांच्या अक्षरात, लाल शाईने, दोनदा अधोरेखित केलेले: ‘चाचणीच्या सुईने अंग सुजले. पेनिसिलीन देऊ नये.’ ते कार्ड हातात धरून मी उभा होतो. खिडकीवर कोणीतरी ‘दादा, आमचं घ्या की’ असे म्हणत होते.

डॉक्टरांना मी कार्ड नेऊन दाखवले, पण वस्तीचे लोक गेल्यावर. वस्तीची माणसे गाडी घेऊन आली, त्याला घोंगडीत गुंडाळून घेऊन गेली. त्यांनी काही विचारले नाही. विचारता येते हे त्यांना ठाऊक नव्हते आणि आम्ही ते सांगितले नाही. डॉक्टरांनी दोन्ही कार्डे शेजारी शेजारी ठेवून वाचली. फार सावकाश वाचली. मग ती टेबलाच्या खणात टाकली आणि म्हणाले, ‘घरी जा, गोविंदराव.’ त्याआधी त्यांनी मला कधी राव लावले नव्हते. रजिस्टरात त्यांनी लिहिले, की रोगी अत्यवस्थ स्थितीत आणला होता. ते खोटे नव्हते. पावसाळ्याच्या आत त्यांनी बदली मागून घेतली.

घरी आईने कढी केली होती. मी जेवलो. ‘दवाखान्यात कोणी वारलं म्हणं,’ आई म्हणाली. मी ‘हो’ म्हटले. संध्याकाळी तिने उतरत्या सुरात हाक मारली, वडिलांसाठी, आणि मी ओ देऊन उभा राहिलो. वडीलही उठले होते. आम्ही दोघे दारात एकमेकांसमोर उभे होतो. आई म्हणाली, ‘तू न्हाई रे.’ त्यानंतर कित्येक दिवस मला ते दोन सूर वेगळे ओळखू येत नव्हते. कोणीही कोणालाही हाक मारली, की मी उठत असे.

तिसऱ्या दिवशी सुमन सिस्टर लग्नाहून परतल्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितले असावे. त्यांनी सिरिंजा उकळायला ठेवल्या आणि माझ्या टेबलापाशी आल्या.

‘आधी चुकीचं नाव विचारलं व्हतंस का?’

‘नाही.’

‘काहून?’

‘रांग होती.’

त्या सिरिंजांकडे परत गेल्या. दिवसभर त्यांचे काम नेहमीसारखे चालले. पण पंधरा दिवसांनी, बाकावर बसलेल्या बायकांकडून काही ऐकून, त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. या खेपेला खुर्ची ओढून बसल्या.

‘ती वस्तीवरची बाई. अन्न सोडलंय तिनं. लोकांना सांगून राहिली, की म्या नाव घेतलं म्हणून ते गेले. म्या माझ्या तोंडानं खाल्लं त्यांना, म्हणती. सासरा तिला चुलीपाशी येऊ देत न्हाई.’

मी कार्डे लावीत राहिलो.

‘ऐकलंस का, गोविंद? तुझं ओझं तिच्या डोक्यावर हाय. जा अन् उतरवून आण.’

‘साहेब काय म्हणतील?’

‘साहेबाचं मी बघते.’

‘माझी नोकरी?’

‘गेली तर गेली,’ त्या म्हणाल्या. ‘तू एकोणीस वर्षांचा हायेस. तुला दुसरी मिळंल.’

तरी मी आणखी आठ दिवस घेतले. ते आठ दिवस मी काय केले, ते इथे लिहिण्याजोगे नाही. म्हणजे काहीच केले नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघे चालत वस्तीवर गेलो. माळरानावर सावली नव्हती. पाच-सात झोपड्या, काट्यांचे कुंपण, आत मेंढरांची लेंडी आणि बांधलेली दोन कोकरे. मोठी मेंढरे चरायला गेली होती, त्यामुळे सासरा घरी नव्हता. सिस्टरांनी वेळ तशीच धरली होती. कुत्री अंगावर आली, त्यांना एका म्हातारीने आवरले. कोंडाबाई झोपडीमागे बसून लोकर पिंजत होती. हातात बांगड्या नव्हत्या. शेजारी चार-पाच वर्षांची पोरगी मातीत रेघोट्या काढीत होती.

सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. बराच वेळ लोकरीबद्दल बोलल्या, पोरीच्या खोकल्याबद्दल बोलल्या, पिंजण कशी धरायची ते विचारून घेतले. मी उभा होतो. शेवटी त्या म्हणाल्या, ‘हे आमचे गोविंद तुला काही सांगायला आलेत. ऐकून घे.’

मी वाक्ये पाठ केली होती. ती मी जशीच्या तशी म्हटली. की त्या दिवशी चूक माझ्या हातून झाली. मी दुसऱ्याच माणसाचे कार्ड काढले. त्यांना जे औषध चालत नव्हते ते त्या कार्डामुळे दिले गेले. त्यानेच ते गेले. की तिने नाव घेतले, त्याआधीच ते औषध अंगात गेले होते. नावाचा यात काही संबंध नाही. वडिलांच्या अक्षरासारखी ती वाक्ये होती, कुठे खाडाखोड नाही.

तिने हात थांबवून सर्व ऐकले. मग पोरीला म्हणाली, ‘जा, आजीला म्हनावं च्या टाक.’ पोरगी गेली. ती माझ्याकडे न पाहता बोलली.

‘तुमी लई भले हायेत, दादा. येवढ्या उन्हात चालत आले. माझ्यासाठी आपल्या डोक्यावर घेऊन राहिले.’

‘तसं नाही. मी खरं सांगतो आहे.’

‘व्हय जी,’ ती म्हणाली.

सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. मलाही तो शब्द आता ओळखू येत होता.

‘कागदानं कोणी मरतंय का, दादा?’ ती पुढे म्हणाली, अगदी शांतपणे, लहान मुलाला सांगावे तसे. ‘तापानंबी न्हाई मेले ते. मेंढरामागं याच्यापरीस लई ताप काढले त्यांनी. म्या नाव घेतलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. तू घेतलंस, असं बघितलं. म्या पाहिलं ना. तुमीबी दारात व्हते, तुमीबी पाहिलं.’

मी पाहिले होते. त्या डोळ्यांत काय होते, ते मला सांगता येत नव्हते आणि तिला सांगता येत होते.

म्हातारीने जर्मनच्या पेल्यांत चहा आणला, शेळीच्या दुधाचा, गुळाचा. सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. मी पुन्हा सांगावे, वेगळ्या रीतीने सांगावे, खाली बसून सांगावे, अशी त्यांची नजर होती. मी पेला घेतला आणि चहा प्यायलो. माझे सांगून झाले होते. हलके वाटल्यासारखे झाले, आणि त्या हलकेपणाची मला आजतागायत किळस आहे.

परतीच्या वाटेवर सिस्टर म्हणाल्या, ‘पुन्यांदा सांगायचं व्हतंस.’

‘तिने ऐकलं की.’

‘ऐकलं. खरं मानलं न्हाई.’

‘का मानू नये? मी स्वतः जाऊन कबूल केलं.’

सिस्टर थांबल्या. ‘आजवर दवाखान्यातून कोणी चुकलो म्हणून सांगायला तिच्याकडं आलं व्हतं का? तिच्या आईकडं? तिच्या सासूकडं? तुमी खिडकीतून ओरडणारी माणसं. तुमची चूक असती, हे तिला ठाऊकच न्हाई. मंग ती काय समजंल? दया करायला आला, असंच समजंल.’ मग त्या पुढे चालू लागल्या. त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. त्यांची बदली झाली, नंतर त्या वारल्याचे कोणाकडून तरी कळले.

माझी नोकरी गेली नाही. मी खात्यात छत्तीस वर्षे काढली, पुढे हिंगोलीला गेलो, हाताखाली कारकून आले. प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी बाकावर जाऊन बसायला आणि आधी चुकीचे नाव विचारायला शिकवले. त्यांना ती म्हाताऱ्याची लहर वाटे. कारण मी सांगितले नाही. या पानाआधी ते कोणालाच सांगितले नव्हते.

कोंडाबाई त्यानंतर वर्षभराने दवाखान्यात येऊ लागली, पोरीच्या खोकल्यासाठी आणि मग स्वतःच्या. ती वस्तीतल्या इतर बायकांनाही आणी. पूर्वी त्या वस्तीतून बायका फारशा येत नसत. ‘ह्या दादाकडं जा,’ ती त्यांना सांगे, मला ऐकू येईल अशा आवाजात, ‘हे लई भले हायेत. ह्यांना भ्यायचं काम न्हाई.’ त्या बायका माझ्यावर विश्वास ठेवून बाकावर बसत आणि मला आपली दुखणी सांगत, जी त्यांनी आणखी कोणाला सांगितली नसती. मी ती नीट ऐकून घेत असे. त्यातल्या काही जणी त्यामुळे वाचल्या, हेही खरे आहे.

तिला स्वतःला मात्र नाव सांगता येत नसे. कोणाचेच. पोरीला बोलवायचे असले तर ती टाळी वाजवी. कुत्र्याला शीळ घाली. पहिल्यांदा तिचे स्वतःचे कार्ड करताना मी नाव विचारले, तेव्हा तिने मान हलवली आणि पोरीकडे पाहिले. पोरगी म्हणाली, ‘कोंडाबाई.’ मी लिहिले.

‘स्वतःचं नाव घ्यायला काय हरकत आहे?’ मी म्हणालो.

‘माझ्या तोंडाला नाव सोसत न्हाई, दादा,’ ती म्हणाली. ‘तुमाला तर ठावंच हाय.’

मी कार्ड पोरीच्या हातात दिले.